मावशी, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून

प्रिय मावशी,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायातली एक ओळ अलीकडे मला स्वस्थ बसू देत नाही. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे चाळीस दिवस देवाच्या सहवासात राहून सीनाय डोंगरावरून खाली आला. हातात दोन दगडी पाट्या होत्या आणि चेहरा तेजाने झळकत होता. त्याचा भाऊ अहरोन याला ते दिसलं, सगळ्या इस्राएल लोकांना दिसलं, ते जवळ यायलाही भ्याले. मोशेला मात्र ते ठाऊकच नव्हतं. तुम्हालाही ठाऊक नसेल असं मला वाटतं. कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते.

तुम्ही आमच्याकडे यायला लागलात तेव्हा आईचा स्मृतिभ्रंश बराच वाढला होता. उपासनेत आमच्यासाठी प्रार्थना झाली, बाहेर पडताना कितीतरी जण म्हणाले, काही लागलं तर सांगा. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. "मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी येते, तू तेवढा वेळ झोप," एवढंच म्हणालात आणि आलात. दोन वर्षं येत राहिलात.

त्याच काळात मी दर आठवड्याला शास्त्राभ्यास घेत होते, आणि विषय होता देवासारखं होणं. तयारी मनापासून करायची. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं देवाचं प्रतिरूप, रोमकरांस पत्रातलं पुत्राच्या प्रतिमेशी अनुरूप होणं, सगळं क्रमाने मांडायची. घरी एक वही ठेवली होती. तिच्यात नऊ रकाने आखले होते: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. रात्री झोपण्यापूर्वी एकेका रकान्यात बरोबरची किंवा चुकीची खूण करायची. सहनशीलतेच्या रकान्यात महिनोन् महिने चुकीच्याच खुणा पडत होत्या. मग मी उद्यासाठी आणखी कडक निश्चय करायची. तो निश्चय सकाळी नऊपर्यंत टिकायचा.

कारण आईचा एकच प्रश्न असायचा: "दादा आले का गं?" दादा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. मी खरं तेच सांगायची, "आई, दादा कधीच गेले." प्रत्येक वेळी तिला ती बातमी नव्याने कळायची आणि ती नव्याने रडायची. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. सातव्या-आठव्या वेळेला माझा आवाज चढायचा.

एका शुक्रवारी मला झोप लागली नाही, म्हणून मी दाराशी उभी राहून बघत होते. तुम्ही आईचे केस विंचरत होता. एक हात केसांच्या मुळाशी धरून खालून वर गुंता सोडवत होता, म्हणजे ओढ बसू नये. आईने विचारलं, "दादा आले का?" तुम्ही म्हणालात, "वाट बघताय ना त्यांची? कसे होते हो दादा, मला सांगा." आई सांगायला लागली. ते उंच होते, त्यांच्या खिशात नेहमी पेन असायचं, ते मोठ्याने हसायचे. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न आला आणि पुन्हा तुमचं तेच उत्तर. मी मोजत होते मावशी, खोटं कशाला सांगू. अकराव्या वेळी तुमचा आवाज पहिल्या वेळेसारखाच होता. त्यात ओढूनताणून आणलेला गोडवा नव्हता. तुम्हाला खरोखरच दादांविषयी ऐकायचं होतं. माझ्या आजोबांच्या खिशातलं पेन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या रात्री मी वही उघडली आणि कुठे खूण करावी ते कळेना. तुमच्या त्या अकरा उत्तरांत सहनशीलता कुठे संपत होती आणि ममता कुठे सुरू होत होती? ते नऊ गुण जिथे 'आत्म्याचं फळ' म्हणून येतात, तो गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय पुन्हा काढला. वर्षानुवर्षं शिकवलेला भाग, पण एक गोष्ट डोळ्यांखालून निसटली होती. पत्र लिहिणारा प्रेषित पौल देहाची 'कर्मे' म्हणतो, ते अनेकवचन. आत्म्याचं मात्र 'फळ' म्हणतो, एकच. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे. मी एका फळाचे नऊ तुकडे करून एकेक तुकडा वेगळा पिकवायला निघाले होते.

याकोबाच्या पत्रातलं वचनही तेव्हा अंगावर आलं. ज्या जिभेने आपण पित्याची स्तुती करतो, तिनेच देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण झालेल्या माणसांना शाप देतो, असं तो म्हणतो. देवाचं प्रतिरूप मी शास्त्राभ्यासात शोधत होते आणि ते आतल्या खोलीत बसून दादांची वाट पाहत होतं. अभ्यासासाठी मी अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्याविषयी वाचलं होतं. चौथ्या शतकातला हा माणूस, श्रद्धेपायी पाच वेळा हद्दपार झालेला. ते म्हणतात, फळ्यावर रंगवलेलं एखाद्याचं चित्र डागांनी पुसट झालं, तर तो फळा कुणी फेकून देत नाही. ज्याचं चित्र आहे तो पुन्हा येऊन समोर बसतो आणि त्याच लाकडावर चित्र पुन्हा उजळतं. देवाचा पुत्र देहधारी झाला तो असाच, आपल्यातलं प्रतिरूप नवं करायला. मी हा दाखला वर्गात मोठ्या हौसेने सांगितला होता. पण आईला मी डागाळलेला फळाच समजत होते. तुम्ही मात्र चित्राशी बोलत होता.

आता ज्या गोष्टीसाठी सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत, ती सांगते. ती कदाचित तुम्हाला आठवायलाही आवडणार नाही. एकदा आईने तुम्हाला चोर म्हटलं. माझी बांगडी घेतलीस म्हणाली आणि तुमच्या हातावर चापट मारली. तुम्ही वैतागून म्हणालात, "पुरे झालं आता!" एवढंच, दोन-तीन शब्द. मी तर याच्या दसपट रोज बोलत होते. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, नळ सोडून काही वेळ उभ्या राहिलात. मग परत येऊन आईच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलात, तिचा हात धरलात आणि म्हणालात, "मी तुमच्यावर चिडले, मला क्षमा करा." आई तुमच्याकडे बघून हसली. तिला काहीच आठवत नव्हतं. नंतर मी तुम्हाला म्हटलं, "मावशी, तिला आठवतच नाही, मग माफी कशाला?" तुम्ही म्हणालात, "आठवत नाही, पण लागलं ते लागलंच ना."

मावशी, तुम्ही कधीच चिडला नसतात तर मी तुम्हाला देवमाणूस म्हणून हात जोडले असते आणि माझ्या वहीकडे परत गेले असते. तुम्ही जमिनीवर बसलात म्हणून मला वाट दिसली. एदेन बागेत सर्पाने दाखवलेलं आमिषही देवासारखं होण्याचंच होतं. बरंवाईट जाणणारे व्हाल, कुणापुढे वाकावं लागणार नाही, हे त्याचं 'देवासारखं'. मी वहीत जे जमवत होते ते त्याच्याच जवळचं होतं, हे कबूल करायला मला वेळ लागला. मला कुणाचीही माफी मागावी लागू नये, असं व्हायचं होतं. आणि फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय सांगतो, ज्याच्यापाशी देवाशी समानता खरोखरच होती, त्याने ती धरून ठेवली नाही. ख्रिस्ताने दासाचं रूप घेतलं. शिष्यांचे पाय धुवायला तो खाली बसला, तेव्हा त्याने देवपण बाजूला काढून ठेवलं नव्हतं. देव कसा आहे हे त्याच वेळी शिष्यांना सगळ्यात स्पष्ट दिसत होतं.

'तुमचा स्वर्गीय पिता परिपूर्ण आहे तसे तुम्ही परिपूर्ण व्हा' या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या वचनाची मला लहानपणापासून धास्ती होती. आता त्याच्या आधीच्या ओळींसकट वाचते. तिथे सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊस नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पडतो. लूकचं शुभवर्तमान तर त्या जागी दयाळूपणाच सांगतं. चोर म्हणणाऱ्या हाताला पुन्हा हातात घेणं त्या परिपूर्णतेत बसतं, असं मला आता वाटतं.

बदल आपोआप होतो असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही पहाटे उठून स्तोत्रं वाचता, ज्यांच्याशी बोलणं अवघड जातं त्यांची नावं घेऊन प्रार्थना करता, हे मला तुमच्या मुलीकडून कळलं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल मोशेच्या त्या झळकणाऱ्या चेहऱ्यावरच्या आच्छादनाविषयी लिहितो आणि मग म्हणतो की प्रभूचं वैभव पाहत असता आपलं रूपांतर होत आहे. 'होत आहे' म्हणतो. आपण पाहायचं, घडवणारा आत्मा. पाहायला मात्र रोज बसावं लागतं, आणि तुम्ही बसता.

वही मी फाडली नाही. तिच्या उरलेल्या पानांवर आईने दादांविषयी सांगितलेलं लिहून ठेवलं आहे. तुमच्यासारखं विचारायला शिकल्यावर शेवटच्या आठ महिन्यांत ती पुष्कळ बोलली.

मी अजून चिडते. गेल्याच आठवड्यात लेकीवर विनाकारण ओरडले. संध्याकाळी तिच्यासमोर खाली बसून माफी मागितली, तर ती म्हणाली, "अगं आई, मी विसरलेपण." मला तुमची आठवण आली आणि मी तशीच थोडा वेळ तिचा हात धरून बसून राहिले.

हे पत्र कुणी तुम्हाला वाचून दाखवलं, तर मधेच "पुरे" म्हणू नका. शेवटपर्यंत ऐका. आईच्या वतीने आणि माझ्या वतीने, मावशी, मनापासून आभार.

प्रभूमध्ये तुमची,
शुक्रवारी दाराशी उभी असलेली