सूचना : जुन्या घरांची दुरुस्ती आणि राहती माणसे

पणजीच्या मळा-फोंताइन्स भागातील सर्व सभासदांस,

चतुर्थी झाली. पाऊस ओसरला की कौले उतरवायची कामे निघतील, म्हणून आताच कळवत आहोत.

घरात भाडेकरू किंवा मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत राहणारा) राहत असेल तर काम खोली-खोलीने करा. आधी मागची पडवी, मग मधली खोली, रस्त्याकडची बाजू शेवटी. माणसे घरातल्या घरात सरकतात, संसार ट्रकात भरावा लागत नाही. वेळ जास्त लागतो, हे मान्य.

काही दिवस बाहेर राहणे अगदीच अटळ असेल तर परतण्याची तारीख, तीच खोली आणि तेच भाडे हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ‘चार महिन्यांत परत या’ हा तोंडी शब्द पुरेसा नाही. भाडेकरूला १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे आणि मुंडकाराला १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण आहे. भाडेपावत्या, वीज-पाण्याची बिले जपून ठेवा. पावती देत नसतील तर मागा, संकोच कसला?

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कमी उरलेत. ज्यांना माहीत आहेत त्यांनी नावे आणावीत. दर्शनी भाग, बाल्कनी, कौलारू छप्पर बदलण्याआधी परवानगीची चौकशी करा, हा संवर्धन विभाग आहे.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता देवळाच्या मंडपात जमू. घरमालक आणि भाडेकरू दोघांनीही यावे, एकटे नको.