मुख्याध्यापक वर्गात कधी जाणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नका, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. मात्र मुख्याध्यापकांचा दिवस खाणारी बहुतेक कामे या कलमात सापडतच नाहीत. यू-डायस प्लस आणि सरल या ऑनलाइन प्रणालींत शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती भरणे, शालार्थ या वेतनप्रणालीतली वेतनदेयके, पोषण आहाराची रोजची नोंद ही सगळी ‘शाळेचीच’ कामे ठरतात.

त्यातले आधार जुळणीचे काम पाहा. जनरल रजिस्टरात ‘आयशा’, आधारवर ‘आयेशा’. कुठे जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. जुळणी झाली नाही, तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, धरले जाईल याची खात्री नाही. पट घटला की शिक्षक अतिरिक्त. मग मुख्याध्यापक पालकांना आधार केंद्रावर पिटाळत बसले, तर त्यांचे चुकले कुठे?

पाठनिरीक्षण मात्र वर्षअखेरीस लॉगबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ असा शेरा मारून उरकले जाते. त्याचा उपयोग शून्य. खरे निरीक्षण म्हणजे पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसून शिक्षकापेक्षा मुलांकडे बघणे. प्रश्न पुढच्या दोन रांगांनाच विचारले गेले का? फळ्यावरचे उतरवून घेणाऱ्याला ते वाचता येते का? त्याच दिवशी शिक्षकाशी दहा मिनिटे बोलावे, सुधारणा एकच सुचवावी आणि पंधरवड्यात पुन्हा त्याच वर्गात जावे. पाच सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही. हे टिपण गोपनीय अहवालाला जोडू नये. जोडले की शिक्षक त्या दिवसापुरता ठेवणीतला पाठ काढतो.

वेळ आणायचा कुठून? मुंबईत महापालिकेच्या एकाच इमारतीत अनेकदा मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात आणि मुख्याध्यापकही तितकेच. शाळेमागे लिपिक देणे जमत नसेल, तर निदान इमारतीमागे एक द्यावा. माहिती भरण्यापुरते लॉगिन त्याच्या नावे असावे, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा तपासून मंजुरी द्यावी. नाहीतर लिपिक मिळतो, पण ओटीपी येतो मुख्याध्यापकांच्याच मोबाइलवर, आणि ते खुर्चीलाच बांधलेले राहतात.

सकाळ-दुपारच्या प्रत्येक सत्राच्या पहिल्या दोन तासिकांत विभाग कार्यालयाने बैठक लावू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तात्काळ’ माहितीही मागवू नये. यू-डायसवर भरलेला पट पुन्हा एक्सेलमध्ये मागणे तर उद्यापासून बंद करता येईल. त्याला ना निधी लागतो, ना नवा जीआर.

– एक वाचक, घाटकोपर, मुंबई