पाठीत अचानक कळ आली तर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिला. हृदयातून वर निघणारी महाधमनी ४.२ सेंमी आहे, म्हणजे थोडी फुगलेली. ऑपरेशनचा विचार साधारण ५ ते ५.५ सेंमीला करतात, तेव्हा आत्ता घाई नाही. पण अशा धमनीला चीर जाण्याचा धोका जास्त, त्यातून बीपी चढलेलं असेल तर आणखीच.

तिच्या भिंतीला तीन थर. आतला फाटला की रक्त मधल्या थरात शिरतं आणि गोधडीचं अस्तर उसवावं तसं पुढे उसवत जातं. वाटेतली शाखा दबली तर लकवा होतो, पाय गार पडतो, किडनी बंद पडते.

चीर गेल्याची कळ पहिल्या क्षणालाच पूर्ण जोरात येते. छातीत किंवा दोन खवाट्यांच्या मधे, फाडल्यासारखी. आई, उसण भरली म्हणून बाम चोळत बसू नकोस, १०८ लाव. आणि बाबा, खिशातली सॉर्बिट्रेट-डिस्प्रिन अशा कळेला परस्पर घेऊ नका. एकीने नाडी पळते, दुसरीने रक्त पातळ होतं.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: "महाधमनी फुगलेली आहे, दोन्ही हातांचं बीपी बघा." २० पेक्षा जास्त फरक आला तर संशय पक्का; नाही आला म्हणून सुटका नाही. ईसीजीही नॉर्मल येऊ शकतो. खरी चूक होते ती इथे: हार्ट अॅटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात. त्याआधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करायला सांगा, क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीच्या, रिपोर्टसाठी थांबू नका.

निदान झालं की आधी बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध) शिरेतून, नाडी ६० च्या खाली; मग वरचं बीपी १०० ते १२०. क्रम उलटला तर नाडी वाढून चीर पुढे सरकते. चीर महाधमनीच्या वर निघणाऱ्या भागात असेल तर लगेच ऑपरेशन, कारण सुरुवातीला तासागणिक १ ते २ टक्के जिवाचा धोका वाढतो. फक्त खाली उतरणाऱ्या भागात असेल तर बहुधा औषधांवर भागतं, नाहीतर जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धमनीला आतून आधार देणारी नळी.

म्हणून नाशकात रात्री सीटी आणि हार्ट-सर्जन दोन्ही कुठे मिळतात, ते याच आठवड्यात फोन करून विचारा. मुंबईला हलवायची वेळ आलीच, तर बीटा-ब्लॉकरचं ड्रिप सुरू झाल्याशिवाय कसारा घाट उतरायचा नाही.

बीपीची गोळी उपासालाही चुकवायची नाही. सिलिंडर उचलायचा नाही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, जुन्या रिपोर्टसकट. ही फूग घराण्यातही असू शकते, तेव्हा ताई आणि मी इको करून घेतोय.

तुमचा,
बाळू