चलान वाचायला लावणाऱ्या पोरीला

जेरॉक्सच्या दुकानातल्या पोरी,

नाव लिहीत नाही. "काकू, माझं नाव कुठं सांगू नका, नाहीतर अख्खी गल्ली चलान घेऊन दुकानात येईल," असं तूच म्हणाली होतीस. पण आभार मनात ठेवून बसणं मला जमत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी दहा जणींना फोन करून सांगणारी बाई आहे मी.

त्या दिवशी सकाळी चौकात मला अडवलं होतं. डब्यांच्या दोन पिशव्या हँडलला, एक पायाशी. हवालदारांनी मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाले, "मावशी, 4,700 बाकी आहेत. सात चलानं." मला वाटलं मशीन बिघडलंय. मला एकही मेसेज आलेला नाही, कुणी कागद दिलेला नाही, मग सात कुठून आली? त्यांनी बिचाऱ्यांनी डबे गार होतील म्हणून सोडलं, पण लवकर भरा म्हणाले.

घरी आल्यावर प्रत्येकाचं वेगळं. शेजारीण म्हणाली, लोकअदालतीपर्यंत थांब, निम्मे माफ होतात. भाचा म्हणाला, भरूच नकोस, काही होत नाही. आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: तुमच्या वाहनाचं चलान प्रलंबित आहे, खालची फाइल उघडा. वर सरकारी शिक्का, खाली 'आरटीओ चलान' नावाची फाइल. सकाळीच पोलिसांनी अडवलेलं, त्यामुळे मला तो मेसेज अगदी खरा वाटला. फाइल उघडेना म्हणून तर मी तुझ्या दुकानात आले. "जरा हे उघडून प्रिंट दे गं," म्हणाले.

तू फोन हातात घेतलास, बघितलंस आणि प्रिंट काढायच्या आधी ती फाइल उडवलीस. मला रागच आला होता, आता सांगते. मग तू शेवटची तीन अक्षरं दाखवलीस, एपीके. "काकू, हा कागद नाही, हे अ‍ॅप आहे. बसवलं असतंत तर ओटीपी वाचून खातं रिकामं केलं असतं." माझ्या त्या खात्यात महिन्याचे डब्याचे सगळे पैसे येतात. खुर्चीवर बसले ते बसलेच.

दुसरी कुणी असती तर खरी साइट उघडून 4,700 भरून मोकळी झाली असती, आणि मीही तेच म्हणत होते, भरून टाक एकदाचे. तू म्हणालीस, "भरायची घाई नको, आधी वाचू." महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन हे मला तू स्वतः टाइप करायला लावलंस, लिंकवरून जाऊ दिलं नाहीस. गाडीचा नंबर टाकला. मग चेसिस नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे मागितले, तर आरसी बुक गाडीच्या डिकीत, कोथिंबिरीच्या काड्यांखाली. ते आणलं. आणि सातही चलानं ओळीने समोर आली, तारीख, ठिकाण, गुन्हा आणि फोटोसकट.

त्या फोटोंत स्वतःला बघणं म्हणजे एक वेगळीच शिक्षा. पहिलं 2020 मधलं, सिग्नल तोडल्याचं, 200 रुपये. मी म्हणाले, हे इतकं स्वस्त कसं? तर तू सांगितलंस की 2019 च्या दुरुस्ती कायद्यातले वाढीव दंड आपल्या राज्यात डिसेंबर 2021 पासून लागू झाले, हे त्याच्या आधीचं आहे. पुढची दोन हेल्मेटची, 500 आणि 500. पहाटे मार्केट यार्डला जाताना कोण बघतंय म्हणून हेल्मेट घरी ठेवायचे. कॅमेरा बघत होता. तिसरं हेल्मेटचं भाच्याचं, पुन्हा 500, चेहरा इतका स्वच्छ आला होता की त्याला नाकारायलाही जागा राहिली नाही. काही होत नाही म्हणणारा हाच तो.

खरी गंमत नो पार्किंगची. एक 500 चं आणि एक 1,500 चं. मी तावातावाने म्हणाले, बघ, व्याज लावतात! व्याज नव्हतं. तीच चूक पहिल्यांदा केली की 500, पुन्हा केली की 1,500, असं त्या कलमातच आहे. पण मला दुसरं पटेना. हॉस्टेलच्या त्या रस्त्यावर सम-विषम तारखेचं पार्किंग आहे, मी रोज डबे द्यायला जाते, आज या बाजूला तर उद्या त्या बाजूला, चुकणं शक्यच नाही. तू काहीच बोलली नाहीस. फक्त तारखेवर बोट ठेवलंस. 1 तारीख. आदल्या दिवशी 31. दोन्ही विषम! मी सवयीने बाजू बदलली होती. पंधराशे रुपये त्या एका दिवसाच्या हिशेबाचे. तुला हसू आवरत नव्हतं आणि मलाही.

आणि सातवं. ट्रिपल सीट, 1,000 रुपये, ज्या गावी मी आयुष्यात गेले नाही तिथलं. फोटोत काळी मोटरसायकल, वर तीन पोरं, मधला तर कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतोय. माझी करड्या रंगाची बिनगियरची गाडी. तू फोटो मोठा केलास तेव्हा दिसलं, त्यांच्या पाटीवरचा शेवटचा 3 चिखलाने भरला होता आणि तो 8 वाचला गेला होता. चूक कुणाचीही होते, त्याचं काही नाही. पण मी न वाचता पैसे भरले असते तर त्या तिघांची सैर माझ्या खर्चाने झाली असती.

तू तिथेच तक्रार टाकलीस, आरसी बुक आणि गाडीचा समोरून-मागून फोटो जोडून. तक्रारीचा मजकूर मात्र मला सांगायला लावलास. मी म्हणाले, लिही, "मी 58 वर्षांची बाई आहे, मोटरसायकल चालवत नाही." तू तेवढंच ठेवलंस. तीन आठवड्यांनी बघितलं तर ते चलान यादीतून गेलेलं.

उरलेल्या सहांचे 3,700 मी तिथेच यूपीआयने भरले. लोकअदालतीचं विचारलं, तर तू म्हणालीस की जाता येतं, पण माफी मिळेलच असं नाही, आणि चुका आपल्याच आहेत हे तर आता आपण फोटोत बघितलंय. त्या 'आपल्या'मध्ये तू स्वतःला धरलंस, हे माझ्या लक्षात आहे.

मेसेज का येत नव्हते तेही तूच शोधलंस. गाडी घेताना शोरूमवाल्याने माझ्या नंबराऐवजी भलताच नंबर टाकला होता, पाच-सहा वर्षं माझी चलानं कुणा परक्याच्या फोनवर वाजत होती. परिवहनच्या साइटवर आधार घालून नंबर बदलायला अर्धा तास गेला, तेवढ्यात तुझी तीन गिऱ्हाइकं परत गेली. मी मोजली.

आणि घेतलेस किती? सहा पावत्यांच्या प्रिंटचे 12 रुपये. मी पन्नासची नोट ठेवली तर 38 सुटे मोजून हातात दिलेस.

त्या दिवसापासून दर महिन्याच्या 1 तारखेला मी नंबर टाकून बघते. डब्याच्या कामातल्या चौघींनाही बसवून बघायला लावलं. एकीचं काहीच निघालं नाही, तर तिलाच वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी तुझ्यासाठी डबा घेऊन येते. भरल्या वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा. पैशांचं काढलंस तर ठेचा दुप्पट तिखट करीन. तुझ्या दुकानासमोरही सम-विषमची पाटी आहे, तेव्हा कॅलेंडर बघूनच गाडी लावीन.

तुझी,
डबेवाल्या काकू