खाटा मोजल्या, सिस्टर मोजल्या का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शेंडा पार्कात 1100 खाटांचे सरकारी रुग्णालय होणार, ही बातमी आमच्या कॉलनीत पेढे वाटल्यासारखी फिरली. मलाही आनंद आहे. सीपीआरच्या, म्हणजे आपल्या जुन्या सरकारी रुग्णालयाच्या, दाटीवाटीत लोकांनी किती वर्षे काढायची? पण उभा जन्म नर्सिंगच्या मुली शिकवण्यात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कुणी खाटा सांगितल्या की मी मनातल्या मनात सिस्टर मोजते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डातल्या तीन खाटांमागे एक परिचारिका, आणि रजा-सुट्ट्यांसाठी वर तीस टक्के. 1100 खाटा सगळ्या साध्या धरल्या तरी पावणेपाचशे जणी लागतात. अतिदक्षता विभागात एका रुग्णाला एक सिस्टर, तो हिशेब निराळा आणि जास्त जड. एवढ्या जणी आणणार कुठून, असे विचारले की "आता गल्लीबोळात नर्सिंगची कॉलेजे झालीत की" असे उत्तर मिळते. मुली बाहेर पडतात हे खरे. टिकतात किती, हे कोणी बघत नाही.

गेल्या पावसाळ्यात यजमानांना न्यूमोनिया झाला आणि एका खासगी रुग्णालयात मी पाच रात्री बाकड्यावर काढल्या. नाव लिहीत नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास बघते तर यांचा हात टम्म फुगलेला. सलाईन शिरेबाहेर चालले होते. बेल दाबली. बऱ्याच वेळाने ट्रे घेऊन धावत आली ती माझीच विद्यार्थिनी, आजऱ्याकडची. सुईची जागा बोटाने चाचपायची, गार आणि ताणलेली लागली की सलाईन आधी बंद करायचे, हे मीच तिला शिकवलेले. तोंडापर्यंत आलेले बोलणे मी गिळले, कारण तीच म्हणाली, "एकटीच आहे ओ मॅडम. बावीस पेशंट. नाईटची रिलिव्हर आलीच नाही, दुपारी दोनपासून मीच आहे." बोलता बोलता तिने सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला आणि दुसऱ्या हातावर पहिल्याच टोचणीत शीर धरली. हात तयार आहे पोरीचा. पण बावीस जणांच्या सुया चाचपायला हातही तेवढे हवेत. आणि सकाळी आठला सुटेपर्यंत तिचे अठरा तास भरणार होते.

सकाळी पगार विचारला. बारा हजार, हातात त्याहूनही कमी. शिक्षणासाठी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढलेले. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड, त्यापोटी मूळ प्रमाणपत्रे ऑफिसच्या कपाटात. बाँडची पद्धत बंद करा, असे कौन्सिलने कधीच बजावले आहे. कपाटाला ते ऐकू गेलेले दिसत नाही.

पगाराचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या जानेवारीत आदेश दिला, केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितले की 50 खाटांच्या आतल्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 पेक्षा कमी देऊ नका, आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्या. केरळने 2018 मध्ये किमान 20,000 ची अधिसूचना काढली. आपल्याकडे आजऱ्याच्या पोरीला बारा हजार. छोट्या दवाखान्यांना परवडत नाही, हे मी समजू शकते. मग लिफ्टसमोरचा संगमरवर कसा परवडतो, ते मात्र समजत नाही.

सरकारी नोकरीत पगार बरा, पण जागा भरायची वेळ आली की कंत्राट पुढे येते. त्याच कारणासाठी राज्यभरातल्या परिचारिका 2022 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2025 च्या जुलैत संपावर गेल्या. रुग्णांचे हाल झाले, लोकांनी सिस्टरांनाच बोल लावले.

शिक्षणाबद्दल बोलायला माझीच जीभ अडखळते, कारण त्यात मीही होते. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका हा नियम. मी जिथे शेवटची काही वर्षे होते तिथे तपासणीच्या दिवशी तो तंतोतंत पाळला जाई. आदल्या दिवसापर्यंत न पाहिलेल्या चार-पाच मॅडम साड्या नेसून हजर असत. प्रात्यक्षिकाचा पुतळा काचेच्या कपाटात आणि किल्ली ऑफिसात, कारण महागाचा आहे, मुली खराब करतील. मग मुली थेट माणसावर शिकत. खासगी कॉलेजात शिकवण्यापेक्षा सरकारी वॉर्डात दोन पैसे जास्त मिळतात, तर अनुभवी सिस्टर शिकवायला येईलच कशाला? केंद्राने 2023 मध्ये देशात 157 नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर केली, प्रत्येकी दहा कोटी. इमारती होतील. त्यात शिकवणार कोण?

लग्नानंतर सुटणाऱ्या तर वेगळ्याच. "नाईट नको" ही अट सोयरीक जुळतानाच घातली जाते. सासू-सासऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण दुपारची पाळी रात्री आठला सुटते, हॅन्डओव्हर देऊन निघेपर्यंत नऊ होतात आणि केएमटीची बस मिळाली तर मिळाली. रुग्णालयाची गाडी नाही, बाळाला ठेवायला जागा नाही. जगात 58 लाख परिचारिका कमी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचा 2025 चा अहवाल सांगतो. म्हणजे आपल्या मुलींना गिऱ्हाईक कुठेही आहे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार आपल्या राज्य सरकारने 2024 मध्ये केला, त्यात परिचारिकाही आल्या. जाणाऱ्यांना मी अडवणार नाही. आजऱ्याची ती पोरगी रात्री औषधांच्या ट्रॉलीवर मोबाइल उभा करून जर्मन शब्द घोकत होती. शिफारसपत्र मागितले, मी आनंदाने दिले.

आपल्याकडे एकच मागणे. शेंडा पार्कच्या पायाभरणीचे फोटो छापून झाले असतील, तर आता आपल्या वार्ताहरांनी एवढे विचारून यावे : त्या 1100 खाटांसाठी परिचारिकांची किती पदे मंजूर झाली, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती, आणि पाठ्यनिर्देशिकांची, म्हणजे नर्सिंग शिकवणाऱ्यांची, किती. जो आकडा मिळेल तो पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर छापला तरी चालेल. मी शोधून वाचेन.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका,
राजारामपुरी, कोल्हापूर