शेवाळाआधी खडा तर तपासा

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला समुद्रशेवाळाने मुतखडा विरघळवण्याचा लेख वाचला. आठवडाभरात दादरच्या दुकानांत शेवाळाच्या भुकटीची चौकशी सुरू होईल, त्याचे श्रेय आपल्याला आगाऊ देऊन ठेवतो.

तपकिरी शेवाळातला फ्युकॉइडान, म्हणजे लांब साखळीची एक शर्करा, काही थोतांड नाही. त्याच्या साखळीवरचे ऋणभारित सल्फेट गट बहुतेक मुतखडे ज्याचे असतात त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकावर बसून त्याची वाढ रोखतात. मूत्रपिंडाच्या पेशींना घट्ट चिकटणाऱ्या मोनोहायड्रेट रूपाऐवजी डायहायड्रेट रूपाचे स्फटिक बनतात, ते लघवीवाटे सहज निघून जातात. हे सारे नवा खडा होऊ न देण्याबद्दल आहे. मूत्रपिंडात तयार बसलेला आठ मिलिमीटरचा खडा याने विरघळतो, हे कुठून काढले? मद्रास विद्यापीठातले प्रयोग उंदरांवर होते आणि फ्युकॉइडान कातडीखाली टोचले होते. तोंडावाटे घेतला तर एवढा मोठा रेणू आतड्यातून फारसा शोषलाच जात नाही. लेखात याचा उल्लेखही नाही.

खाण्याचा सल्ला तर त्याहून धोक्याचा. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. केल्प जातीच्या शेवाळाचे एक-दोन ग्रॅम त्याच्या कितीतरी पट देऊन थायरॉइड बिघडवू शकतात. हिजिकी जातीत आर्सेनिक असते. फ्युकॉइडान रक्त पातळ करते, म्हणजे त्याच कामाचे वॉरफरिन औषध घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि सोबतचा फोटो? बँडस्टँडच्या खडकावरचे हिरवे शेवाळ! त्यात फ्युकॉइडान नसते. शहराचे सांडपाणी मात्र मुबलक असते.

खरी चीड वेगळीच आहे. खडा पडला की बहुतेक लोक तो फ्लश करून मोकळे होतात. दुखू लागल्यापासून लघवी गाळणीतून गाळावी, मिळालेला खडा पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि कोऱ्या डबीत घालून पृथक्करणाला द्यावा. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिन द्रावणात बुडवू नये. खडा युरिक आम्लाचा निघाला, तर पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा पीएच साडेसहाच्या आसपास ठेवून तो खरोखर विरघळवता येतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल, तर तो विरघळवणारे तोंडाने घ्यायचे औषध आजही नाही. पुढचे खडे टाळायचे. वारंवार होत असतील तर चोवीस तासांची लघवी तपासावी: सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी धरायची. लोक दुपारची एखादी वेळ विसरतात, आकडे खोटे येतात आणि त्यावर औषध ठरते.

दूध बंद करण्याचा लेखातला सल्लाही उलटा आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते, म्हणून ते लघवीत कमी उतरते. पालक-अळू कमी करा, खाल्लेच तर सोबत दही घ्या, मीठ आवरा. क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या थांबवा, त्यातूनही ऑक्झलेट वाढते. लेखाखालीच मुतखडा 'हमखास' पाडणाऱ्या काढ्याची जाहिरात होती. तो योगायोगच असणार.

राहता राहिले पाणी. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी एवढे प्यायला हवे, हे तुम्ही एका ओळीत उरकले. विरारहून चर्चगेटला दीड तास उभ्याने येणारी बाई सकाळी पाणी का टाळते, हे जरा तिला विचारा. लोकलच्या डब्यात शौचालय नाही आणि स्थानकावरचे एकतर कुलूपबंद, नाहीतर पाय ठेवण्यासारखे नसते. पुढच्या पुरवणीत शेवाळाऐवजी कोणत्या स्थानकांवर महिलांचे शौचालय पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत उघडे असते, त्याची यादी छापा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परळ