नाव न कळलेल्या मदतगारांचे आभार

एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरचा मेकॅनिक्सचा कोर्स माझ्या हातून पूर्ण झाला तो तुमच्यामुळे. तुमची नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथे जाहीरपणे लिहिते.

उतारावरून न घसरता घरंगळताना भरीव वृत्तचिती (सिलिंडर) पोकळ कड्याच्या आधी खाली का पोचते, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. तुमच्यापैकी कुणीतरी वहीच्या पानावर, निळ्या पेनाने, एकेक पायरी मराठीत मांडून फोटो पाठवलात. वृत्तचितीचं त्वरण जी साइन थीटाच्या (जी म्हणजे गुरुत्वत्वरण, थीटा म्हणजे उताराचा कोन) दोन तृतीयांश, कड्याचं जी साइन थीटाच्या निम्मं. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही कटून जातात! किती सुंदर आहे हे!

व्हिडिओ पेनड्राइव्हवर भरून देणारे दादा, वाचनालयातल्या ताई, तुमचेही मनापासून आभार. आता विद्युतचुंबकत्व सुरू केलंय.